कधीच न उडालेली विमाने

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांसाठी जपानी विमानांची एक नामावली तयार करण्यात आली होती. तीत ‘झीक’ होता, ‘केट’ होती, ‘बेटी’ होती. त्याच यादीत ‘गस’, ‘ओमर’, ‘हॅरी’ आणि ‘जो’ हेही होते. पहिली तीन विमाने अनेकांनी पाहिली, त्यांच्याशी झुंज घेतली, त्यांच्या माऱ्यात प्राणही गमावले. नंतरची चार मात्र संपूर्ण युद्धात कोणालाच भेटली नाहीत. भेटणार तरी कशी? ती कधी बांधलीच गेली नव्हती. ती होती एका जपानी मासिकात छापलेली कल्पनाचित्रे.

या नामावलीची गरज मात्र खरी होती. जपानी विमानांची अधिकृत नावे किचकट होती. ती सेवेत दाखल होण्याच्या वर्षावरून ठरत. त्यामुळे नौदलाचे एक लढाऊ विमान ‘शून्य’ प्रकारचे, तर पाण्यावर उतरणारे टेहळणी विमानही ‘शून्य’ प्रकारचेच! समोर नेमके काय आले आहे हे रेडिओवर ओरडून सांगायला अशी नावे निरुपयोगी होती. १९४२ च्या मध्यावर ऑस्ट्रेलियात गुप्तवार्तेचे काम करणारे अमेरिकी अधिकारी कॅप्टन फ्रँक मॅकॉय यांनी सोपा तोडगा काढला. लढाऊ विमानांना पुरुषांची नावे आणि बॉम्बफेकी विमानांना स्त्रियांची. मॅकॉय मूळचे टेनेसी राज्यातले, त्यामुळे तिकडच्या खेड्यापाड्यांत ऐकू येणारी ‘रूफ’, ‘नेट’, ‘जेक’ अशी नावेही यादीत आली.

अडचण नावांची नव्हती, माहितीची होती. युद्धापूर्वी जपानने आपल्या विमान उद्योगाभोवती गुप्ततेचा पडदा घट्ट ओढून घेतला होता. हाती लागेल त्या कागदाला मोल आले होते. अशातच ‘सोरा’, म्हणजे ‘आकाश’, या जपानी विमानविषयक मासिकाचा एप्रिल १९४१ चा अंक अभ्यासकांच्या हाती पडला. त्यात भावी विमाने कशी असतील याची कल्पना रंगवणारी चित्रे होती. ‘नाकाजिमा एटी-२७’, ‘सुझुकाझे-२०’ अशी भारदस्त नावेही त्यांना दिलेली होती. मासिकाने स्वप्न म्हणून छापलेली ही चित्रे गुप्तवार्तेच्या फायलीत तथ्य म्हणून दाखल झाली. ‘एटी-२७’ झाले ‘गस’ आणि ‘सुझुकाझे’ झाले ‘ओमर’.

याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. ‘शून्य’ प्रकारचे लढाऊ विमान, म्हणजेच पुढे ‘झीरो’ म्हणून गाजलेले ‘झीक’, सप्टेंबर १९४० मध्येच चीनच्या आकाशात लढले होते. चीनचे हवाई सल्लागार असलेले अमेरिकी अधिकारी क्लेअर शेनॉल्ट यांनी या विमानाविषयी मायदेशी इशारे धाडले होते. त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. म्हणजे प्रत्यक्ष उडणारे विमान दुर्लक्षित राहिले आणि चित्रातल्या विमानाला यादीत जागा मिळाली. आधी ‘हे शक्यच नाही’ म्हणून खरी माहिती बाजूला ठेवायची आणि एकदा फटका बसला की ‘काहीही शक्य आहे’ म्हणून कशावरही विश्वास ठेवायचा, या दोन्ही चुकांचे मूळ एकच. पुरावा तपासण्याआधीच मन निर्णय देऊन मोकळे झालेले असते.

यादीत आणखी एक गट होता. जर्मनी जपानचा मित्र, म्हणून जर्मन विमानेही पॅसिफिकमध्ये येणार असे गृहीत धरले गेले. मेसरश्मिट-१०९ ला ‘माइक’ आणि फोके-वुल्फ-१९० ला ‘फ्रेड’ ही नावे आधीच देऊन ठेवली गेली. जपानने ही विमाने तपासणीसाठी मोजकीच आणली होती. लढाईत ती उतरलीच नाहीत. पुढे निमुळत्या नाकाचे एक जपानी लढाऊ विमान दिसले, तेव्हा ते जर्मन असावे, मग इटालियन असावे, असे तर्क झाले. इटालियन वाटले म्हणून त्याला ‘टोनी’ नाव मिळाले. प्रत्यक्षात ते जपानी ‘कि-६१’ होते. त्याचे इंजिन मात्र जर्मन रचनेवरून परवान्याने जपानमध्ये बनवलेले होते आणि त्याच इंजिनामुळे त्याचे नाक तसे दिसत होते. डोळ्यांनी टिपलेले वैशिष्ट्य बरोबर होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

विमान ओळखायला वैमानिकाकडे काही सेकंदच असतात. म्हणून ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल रेनशॉ यांनी वेगळी पद्धत सुचवली होती. पंख, इंजिन, धड, शेपूट असे सुटे भाग तपासत बसायचे नाही. पडद्यावर क्षणार्धात चमकून जाणारी आकृती अख्खीच ओळखायची, ओळखीचा चेहरा ओळखावा तशी. अमेरिकी नौदलाने ही पद्धत प्रशिक्षणात वापरली. पण असे शिक्षण मूळ यादीइतकेच विश्वासार्ह असते. नसलेल्या विमानाची आकृती एकदा डोक्यात बसली, की ढगाआडून अर्धवट दिसलेले काहीही त्या साच्यात बसवता येते.

यावरचा उपाय शेवटी धातूतून मिळाला. गुप्तवार्तेतील माणसे चिखलात, जंगलात पडलेले जपानी विमानांचे सांगाडे धुंडाळू लागली. त्यांवरच्या छोट्या पत्र्याच्या पट्ट्यांवर कारखान्याचे नाव, अनुक्रमांक आणि बांधणीची तारीख सापडे. न्यू गिनीतील बुना येथे मिळालेल्या मोडक्या विमानांचे भाग जुळवून ब्रिस्बेनमध्ये एक ‘झीरो’ पुन्हा उडवण्यात आले. त्याआधी, जून १९४२ मध्ये, अलास्काजवळच्या अकुतान बेटावर दलदलीत एक ‘झीरो’ उलटून पडले होते. महिन्याभराने ते अमेरिकनांना सापडले. दुरुस्तीनंतर सप्टेंबरमध्ये सॅन डिएगोला त्याची उड्डाणे झाली आणि त्याचे कच्चे दुवे उघड झाले. वेग वाढला की त्याला कलंडायला जड जाई, त्यातही उजवीकडे अधिक. नाक एकदम खाली दाबले तर इंजिन क्षणभर दगा देई. ही माहिती वैमानिकांचे प्राण वाचवू शकत होती. ‘गस’विषयी अशी एकही गोष्ट कधी कळली नाही, कारण त्याचा ना सांगाडा होता, ना पट्टी, ना कारखाना.

कागदावरच राहिलेल्या विमानांचा शोध घेणारे इतिहासकार आजही याच वाटेने जातात. आराखड्यावर क्रमांक, तारीख, सही आहे का? कंपनीच्या पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख येतो का? त्याची प्रतिकृती पवन-बोगद्यात तपासली गेली होती का? दाखवलेले इंजिन त्या तारखेला अस्तित्वात तरी होते का? या प्रश्नांना टिकतो तो न बांधलेला, पण खरा आराखडा. बाकीची उरतात ती केवळ देखणी चित्रे.

‘हॅरी’ हे नाव मिळालेल्या काल्पनिक विमानाला आधी ‘फ्रँक’ म्हटले जाई. पुढे जपानचे ‘कि-८४’ हे जबरदस्त लढाऊ विमान समोर आले, तेव्हा मॅकॉय यांचे हे स्वतःचे नाव चित्रातल्या विमानाकडून काढून घेऊन त्याला देण्यात आले. नाव अखेर खऱ्या विमानाला मिळाले. यादी मात्र तेवढ्याने शुद्ध झाली नाही. ‘हॅरी’ हे नवे नाव घेऊन ते चित्र तिथेच राहिले.