चाप, बैठकीवरील बंदुकांचा

बंदुकीचा बार उडविण्यासाठी बोटाने ओढावयाच्या किंवा दाबावयाच्या तरफेस चाप म्हणतात. खांद्याला लावून चालवावयाच्या बंदुकीत चाप हा मूळ रचनेचाच भाग असतो. तट, जहाज, उंट, गाडा वा विमान यांवर बैठक करून बसविलेल्या बंदुकीला मात्र तो पुष्कळदा मागाहून जोडला गेला आहे. याचे कारण बैठकीतच आहे. बंदुकीचे वजन व बाराचा धक्का बैठकीचा काटा सोसतो. त्यामुळे चालविणाऱ्याचा एक हात मोकळा राहतो आणि त्या हाताने, किंवा शेजारच्या साथीदाराकडून, कानावरील रंजकेला बत्ती देता येते. चापावाचून काम भागते, परंतु नेम साधला तो क्षण आणि बार उडाला तो क्षण यांत अंतर पडते. ते अंतर कमी करण्याचा खटाटोप म्हणजेच या चापाचा इतिहास होय.

दख्खनच्या किल्ल्यांवर वापरली जाणारी जेजाल ही या वर्गातील परिचित बंदूक. ती तोफेहून लहान व हातातील बंदुकीहून बरीच लांब व जड असून तटावर फिरत्या काट्यावर टेकवीत. उंटाच्या खोगिरावर बसविलेल्या अशाच बंदुकीस जंबुरक किंवा शुतरनाळ म्हणत. पानिपतच्या लढाईत (१७६१) अब्दालीच्या सैन्यातील शुतरनाळांचा मारा मराठ्यांना भोवला. साध्या जातीच्या जेजालेस केवळ नळी, दस्ता व कान एवढेच असे. तिला तोड्याचा चाप जोडावयाचा म्हणजे दस्त्यात उभी खाच पाडून तीत एक वाकडी लोखंडी तरफ खिळीवर फिरती ठेवावयाची. तिच्या वरच्या टोकाच्या चिमट्यात जळता तोडा अडकविलेला असे व खालचे टोक ओढले की तोडा कानावर टेके. बोट सोडताच पात्याची कमान तरफेस मागे आणी. काम लोहाराच्या आवाक्यातील, परंतु लाभ मोठा होता. नेम धरणारा आणि बार उडविणारा हे एकच झाले.

खानदेशात तोड्याच्या बंदुकीचा अंमल एकोणिसाव्या शतकातही टिकून होता. मंदसोरच्या तहाने (जानेवारी १८१८) होळकरांचा जो मुलूख इंग्रजांकडे गेला, त्यात तापीकाठचे थाळनेर (आता धुळे जिल्हा, शिरपूर तालुका) होते. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी ते सोडण्यास नकार दिला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉप यांच्या फौजेवर तटावरून गोळीबार झाला. आतल्या दरवाजाशी बोलणी चालू असता अरब शिबंदीने मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्‌ग्रेगर या अधिकाऱ्यांस ठार केले. त्यानंतर शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदारास फाशी देण्यात आले. या फाशीवर पुढे इंग्लंडातही टीका झाली, आणि ती योग्यच होती. यंत्रदृष्ट्या पाहता तोड्याची बंदूक तटाच्या आडोशाला पुरेशी होती; पावसात व उघड्या रणात मात्र जळता तोडा सांभाळणे अवघड जाई.

चकमकीच्या चापाने ही अडचण पुष्कळशी दूर केली. मागाहून जोडलेल्या चापाचे सर्वांत बोलके उदाहरण समुद्रावरील आहे. ब्रिटिश नौदलातील सर चार्ल्स डग्लस यांनी आपल्या ‘ड्यूक’ या युद्धनौकेवरील तोफांना स्वखर्चाने चकमकीचे चाप बसविले. चापाला दोरी बांधलेली असल्याने गोलंदाज तोफेच्या धक्क्याबाहेर मागे उभा राहून नळीच्या रोखाने पाहू शके आणि हेलकाव्याने लक्ष्य समोर येताच दोरीला हिसका देई. सेंट्सच्या लढाईत (१७८२) या योजनेचा उपयोग दिसून आला व पुढे नौदलाने ती स्वीकारली.

अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे एकस्व घेतले. त्यानंतर टोपीची (कॅपची) बंदूक आली व चकमकीच्या असंख्य बंदुका टोपीच्या करून घेण्यात आल्या. रंजकेची वाटी काढून कानाच्या जागी टोपी बसविण्याची बोंडी बसवीत. जुन्या पट्टीवरील बुजविलेली भोके पाहून संग्रहालयातील अशी बदललेली बंदूक अजूनही ओळखता येते. काडतूस आल्यावर चाप पुन्हा बंदुकीच्या पोटात गेला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ मध्ये सुरू झालेला कारखाना लहान शस्त्रांची काडतुसे तयार करतो.

यंत्रबंदुकीच्या काळात बैठकीवरील चापाची रूपे पालटली. गॅटलिंग बंदुकीत (१८६२) चापाऐवजी हातदांडा फिरवावा लागे; मॅक्सिम बंदुकीत अंगठ्याने दाबावयाची कळ आली. विमानात बंदूक वैमानिकाच्या हातापासून दूर असल्याने कळ दांडीवर बसवून तारेने जोडावी लागली. फॉकर विमानांत (१९१५) तर पंख्याच्या पात्यांतून गोळ्या जाव्यात म्हणून चाप इंजिनाच्या फिरण्याशीच जोडला होता. रणगाड्यात हेच काम विद्युत्‌चुंबक करतो.

चापाशी कोणतीही छेडछाड करताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. ताणलेला घोडा एका लहानशा खिटीने खाचेत अडविलेला असतो. ओढ हलकी करण्यासाठी खाच घासली की पकड कमी होते. मग गाड्याचा वा उंटाचा एक धक्काही बार उडवण्यास पुरतो. हातातील बंदुकीपेक्षा बैठकीवरील बंदुकीत हा धोका अधिक, कारण ती भरलेल्या अवस्थेत हालत असते.

कायद्यानेही चापाला विशेष महत्त्व दिले आहे. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतील असे बनविलेले अथवा तसे बदललेले अग्निशस्त्र निषिद्ध ठरविले आहे. शस्त्राचे सुटे भाग अग्निशस्त्राच्या व्याख्येतच येतात, तर शस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर व्यवसाय म्हणून करण्यास परवाना लागतो. अमेरिकेत २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दस्त्याच्या एका जोडसाधनाचा खटला ‘चापाची एक क्रिया’ म्हणजे काय, याच प्रश्नावर निकालात निघाला. ठासणीची बंदूक भारतात कायद्याने आजही पिकांच्या राखणीसाठी मिळू शकते.