चिठ्ठीवरची गोळी पोटात जाते का?



आमच्या गटातल्या एका मावशींना मागच्या वर्षी हार्ट अटॅक आला. उपचार झाले, त्या घरी आल्या. चार महिन्यांनी रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल कमी झालेलं. ‘आता बरं आहे, कशाला रोजचा खर्च’ म्हणून त्यांनी एक गोळी बंद केली. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल पुन्हा वर! डॉक्टर म्हणाले, “अहो, ते गोळीमुळंच कमी होतं.” म्हणून आज आपण या गोळीबद्दल बोलू या.

या औषधांना स्टॅटिन म्हणतात. आपलं यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं. स्टॅटिन ते कमी करतं, आणि रक्तवाहिनीत साठलेला थर फुटण्याचा धोकाही घटतो. १९९४ साली युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४,४४४ हृदयरोगी होते. निम्म्यांना स्टॅटिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाचेक वर्षांत बिनऔषधाच्या गटातले २५६ जण दगावले, औषधाच्या गटातले १८२.

मग उपचार चांगला झाला की नाही, हे मोजायचं कसं? त्यासाठी तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न: घरी सोडताना गोळी लिहून दिली का? अमेरिकेत आधी रुग्णालयांची एवढीच मोजणी व्हायची. पण बहुतेक सगळीच त्यात पास होऊ लागली. नुसतं लिहिणं पुरेसं नाही, हे कळलं.

दुसरा प्रश्न: डोस पुरेसा आहे का? अटॅकनंतर साधारणपणे जोरकस डोस देतात. अ‍ॅटोर्वास्टॅटिन असेल तर ४० किंवा ८० मिलिग्रॅम, रोसुवास्टॅटिन असेल तर २० किंवा ४०. सुरुवातीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी ही गोळी देतात. वय फार असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टर विचार करून डोस कमी ठेवतात. इथं बायका मागे राहतात. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये अटॅकनंतर स्टॅटिन घेणाऱ्या पुरुषांपैकी ५६ टक्क्यांना जोरकस डोस मिळाला, बायकांपैकी ४७ टक्क्यांनाच.

तिसरा प्रश्न: गोळी रोज घेतली जाते का? वर्षातल्या किमान ८० टक्के दिवसांची गोळी घरात असावी, असा एक माप आहे. म्हणजे ३६५ पैकी २९२ दिवस. याचा अर्थ बाकीचे दिवस सुट्टी असा नव्हे! ते फक्त मोजायचं माप.

आपल्याकडचं दुखणं आणखी मोठं आहे. २०११ साली अनेक देशांच्या पाहणीत दिसलं की, भारतासारख्या कमी उत्पन्नाच्या देशांत हृदयरोग किंवा पक्षाघात झालेल्या १०० जणांमागे जेमतेम तिघं-चौघं स्टॅटिन घेत होते. श्रीमंत देशांत ६६.

मग आपण काय करायचं? घरात कुणाला अटॅक येऊन गेला असेल, तर आजच फाईल काढा. स्टॅटिन लिहिलंय का, पुढचा आकडा किती, ते वाचा. येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. महिन्याच्या शेवटी रिकाम्या पाकिटातल्या गोळ्या मोजा. तीस दिवसांच्या तीस संपल्या का? अंग दुखलं, पाय भरून आले, तरी गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते डोस किंवा औषध बदलून देतात. खर्च झेपत नसेल तर जन औषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त गोळी मागा.

आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना न लाजता विचारा, “साहेब, हा डोस मला पुरेसा आहे ना?”

आमच्या मावशींनी विचारलं. आता त्यांची गोळी रात्रीच्या जेवणाच्या ताटाशेजारी असते, आणि मोजायचं काम नातीकडं आहे.