काचेची पायरी आणि नागपूरचा मे

दिल्लीच्या नव्या संसद भवनात जे सागवान लागलं, ते नागपूरचं. २०२३ मध्येच बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठीही सागवान रवाना झालं. लाकडाची एवढी पत असलेल्या या मुलखात, धरमपेठ-रामदासपेठेत नवा बंगला बांधणारे आणि सीताबर्डीवर शोरूम थाटणारे आता आर्किटेक्टला विचारतात, ‘जिना काचेचा होईल का?’

होतो. पण तो कॅटलॉगमध्ये बोट ठेवून मागवता येत नाही, आणि पुण्या-मुंबईत उभा राहिलेला जिना नागपुरात जशाच्या तसा आणून चालेलच असं नाही. कारण काचेचं अंतरंग आणि आपला उन्हाळा.

आधी काच. दोन अणूंमधला बंध बघितला तर काच लोखंडाला लाजवेल इतकी मजबूत असायला हवी. प्रत्यक्षात ती फारच कमी ताणात तडकते. या कोड्याचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्ये केला. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. काच ताणली की सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. पोलाद अशा वेळी थोडं वाकून ताण वाटून घेतं. काचेला वाकणं माहीत नाही, त्यामुळे चीर थेट पुढे धावते.

त्यावर फॅब्रिकेटर ज्याला ‘टफन’ म्हणतात तो उपाय निघाला. काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवायची आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडायचे. वरचा थर आधी घट्ट होतो. मागाहून आकसणारा गाभा त्याला आत खेचतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो किंवा त्याहून जास्त. चिरा मिटलेल्या राहतात आणि ताकद चार-पाच पट होते. याची किंमतही मोजावी लागते. भट्टीतून बाहेर आल्यावर त्या काचेला ना भोक पाडता येतं, ना कोपरा घासता येतो. म्हणून जिन्याचं अंतिम माप स्लॅब आणि फरशी पूर्ण झाल्यावरच घ्यायचं असतं. आपल्याकडच्या बांधकामात दोन भिंतींमधलं अंतर वर आणि खाली सारखं निघालं तर मिस्त्रीला पेढे द्यावेत. त्यामुळे प्रत्येक पायरीचा नकाशा वेगळा असतो आणि बोल्टची भोकं भट्टीत जाण्याआधीच पाडलेली असतात.

मग १२ मिमी टफन काच टाकली की झालं? इथेच बहुतेक घरमालक फसतात. टफन काच फुटते तेव्हा तिचे एका झटक्यात बारीक दाणे होतात. गाडीच्या खिडकीला ते ठीक, पायाखाली नव्हे. शिवाय क्वचित ती कुणी हात न लावताही फुटते. वितळताना निकेल सल्फाइडचा कण आत अडकलेला असतो. तो महिन्यांनी, कधी वर्षांनी हळूच फुगतो. असे कण आधीच उघडे पाडायला काच काही तास २६० ते २९० अंशांवर भाजून बघतात. त्यात जी फुटायची ती कारखान्यातच फुटते.

म्हणूनच जाणकार अभियंता फुटलेल्या पायरीपासून गणित सुरू करतो. काच कधीच फुटणार नाही हे त्याला कुणालाच लिहून देता येत नाही. वरची काच गेली तर उरलेल्यांनी माणसाचं वजन पेललं पाहिजे, हे मात्र तो मांडू शकतो. म्हणून पायरी दोन-तीन काचा चिकटवून करतात. १० मिमीच्या तीन काचांची, १ मीटर रुंद आणि ३० सेंमी खोल पायरी साडेबावीस किलोंची भरते. चिकटवायची युक्ती फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तूस याची, १९०३ च्या सुमाराची. त्याच्या हातून काचेचं भांडं पडलं, तडकलं, पण आतल्या वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले. आज त्या जागी पीव्हीबी हे प्लास्टिक असतं.

आणि नागपूरची अडचण नेमकी या प्लास्टिकपाशी सुरू होते.

वही वाकवून पाहा. पानं एकमेकांवरून सरकतात म्हणून ती सहज वाकते. तीच पानं डिंकाने चिकटवली तर पुठ्ठ्यासारखी ताठ होतात. चिकटवलेल्या काचांचं तसंच. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मिमीच्या दोन सुट्या काचा मिळून जेवढ्या ताठ असतात, त्याच्या चौपट ताठ त्या एकजीव झाल्यावर होतात. पण एकजीव ठेवणारं पीव्हीबी नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच मऊ पडू लागतं. चाळिशीपुढे काचांना एकत्र धरून ठेवण्याची त्याची ताकद बरीच ओसरते, विशेषतः भार बराच वेळ राहिला तर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. जिन्यावर स्कायलाइट असेल तर पायरी हवेपेक्षाही तापते. थंड हवेच्या गावासाठी केलेल्या हिशेबात जी पायरी एक जाड काच होती, ती इथे दुपारी दोन वाजता पातळ काचांची चळत असते. वरची काच तडकली आणि उरलेल्यांवर भार आला तर हा मऊपणा आणखी महागात पडतो.

त्यावर तोड म्हणजे आयनोप्लास्ट नावाचा थर. अमेरिकेतल्या चक्रीवादळांना तोंड देणाऱ्या खिडक्यांसाठी तो निघाला. उत्पादकांच्या आकड्यांनुसार तो पीव्हीबीपेक्षा शंभर पटीपर्यंत ताठ असतो आणि पन्नाशीपर्यंत बराच तग धरतो. महाग आहे. पण माझ्या मते विदर्भात पायरीसाठी पीव्हीबी सुचवणाऱ्याला आधी त्याने हिशेब कोणत्या तापमानाला केला ते विचारावं.

धातूचं दुखणं वेगळं. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ३५ अंशांचा फरक धरला, तर तीन मीटर काच जेमतेम १ मिमी वाढते, स्टेनलेस स्टील पावणेदोन मिमीच्या आसपास. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण बोल्ट काचेला थेट टेकला की ग्रिफिथच्या चिरेला आयतं निमंत्रण मिळतं. म्हणून भोकात नायलॉनचं बूश घालतात आणि एका टोकाचं भोक लांबट ठेवतात. शहराच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी. पाया उथळ असेल तर घर थोडं हलतंच. ते हलणं काचेपर्यंत पोचू नये, हेही त्या लांबट भोकाचंच काम.

काचेच्या जिन्याची हौस जगभर पसरवली ॲपलने. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या त्यांच्या दुकानात असा जिना बसला आणि त्याच्या डिझाइन पेटंटवर स्टीव्ह जॉब्सचंही नाव आहे. मुंबईच्या बीकेसीतल्या दुकानात मात्र २०२३ मध्ये त्यांनी १४ मीटर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा जिना बसवला.

इतकं सगळं जमलं तरी आजी त्यावर चढेल का, हा प्रश्न उरतोच. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये रांगणाऱ्या ३६ बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेच्या अर्ध्या भागाला खालून चौकटीचं कापड चिकटवलेलं, उरलेल्या भागात तेच कापड खोल जमिनीवर. जागेवरून हललेली सत्तावीसही बाळं कापड जवळ असलेल्या बाजूवर आली, खोल बाजूवर गेली फक्त तीन. आई समोरून बोलवत होती, हाताला काच लागत होती, तरी डोळ्यांचंच खरं ठरलं. मोठेपणी ही भीती पुरती जात नाही. त्यासाठी पायरीवर पांढऱ्या ठिपक्यांचा सिरॅमिक थर भाजून बसवतात किंवा ती खरवडून धूसर करतात. तळ दिसेनासा होतो, साडी नेसलेल्या बाईला खाली उभं असणाऱ्यांची काळजी राहत नाही आणि तळव्याला पकड मिळते. कूलरच्या फवाऱ्यासमोर जिना असेल तर ही पकड सर्वांत आधी हवी, कारण ओल्या गुळगुळीत काचेवर तीन थरही काही करू शकत नाहीत.