उताराचा न्याय

१९७३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन शहरात एका विजेत्या गाडीचा एक्स-रे काढावा लागला. गाडीला ना इंजिन, ना पेट्रोल, ना पायडल. नाकात मात्र विद्युतचुंबक दडवलेला होता. सुटण्यापूर्वी गाड्या ज्या लोखंडी पट्टीला टेकून उभ्या असतात, ती पट्टी पडताना चुंबक गाडीला पुढे ओढून घेई. चालकाने डोकं मागे टेकलं की चुंबक सुरू! चालक होता १४ वर्षांचा; कारस्थान मात्र नात्यातल्या मोठ्या माणसाचं. दोन दिवसांत किताब गेला.

उतारावरच्या या शर्यतीचं नाव सोपबॉक्स डर्बी. गॅरेजमधून जुनी बेअरिंगं मागून आणून, फळीखाली ठोकून, ती गाडी ज्यांनी लहानपणी गल्लीच्या उतारावर खडखडवली आहे, त्यांना तिची गंमत वेगळी सांगायला नको. ओहायोतल्याच डेटन शहरात १९३३ साली मायरन स्कॉट या वृत्तछायाचित्रकाराला खोकी-फळ्यांच्या गाड्या पळवणारी पोरं दिसली. त्याने त्यांची शर्यत भरवली. १९३४ मध्ये ती राष्ट्रीय झाली, १९३५ मध्ये चढउतारांच्या अ‍ॅक्रनला गेली. मंदीत बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून १९३६ साली तिथे ‘डर्बी डाउन्स’ हा खास उतार बांधला गेला. लांबी सुमारे ३०० मीटर. खेळ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा.

उतार सगळ्यांना सारखंच देतो. गाडी आणि चालक मिळून वजनाची मर्यादा ठरलेली असते; हलक्या मुलाच्या गाडीत वजनं बसवून ती गाठायची. खरी कसोटी मिळालेलं न सांडण्याची. आस किंचित तिरका बसला तर चाकं घासत जातात. डोकं वर काढलं की वारा अडवतो. सुकाणू उगाच हलवलं की वेग गळतो. वजन मागच्या बाजूला ठेवणं फायद्याचं, कारण सुटताना ते उतारावर अधिक उंचीवर असतं. आणि दैवाचा वाटा कमी व्हावा म्हणून स्थानिक शर्यतींत सहसा त्याच दोन गाड्या पुन्हा धावतात, तेव्हा मार्गिका आणि चाकं अदलाबदल होतात. दोन्ही फेऱ्यांतला वेळेचा फरक मिळून निकाल.

नवख्याने सुरुवात करायची ती ‘स्टॉक’ गटातून. तिथे गाडीचे तयार सुटे भाग आणि ठरलेली चाकं मिळतात. जोडणी मुलाने करायची, मोठ्यांनी शेजारी बसायचं. पहिल्या दिवशी वेगाचं नाव काढू नये. आधी ब्रेक: पायाने दाबला की रबराचा ठोकळा रस्त्यावर घासून गाडी थांबवतो. मग हेल्मेट, मग आसांची सरळ रेघ, आणि शेवटी रिकाम्या, सौम्य उतारावर एकच सराव, हात स्थिर ठेवण्याचा.

अवघड असतं ते मोठ्यांचं. पाना हातात आला की बापाला राहवत नाही. ‘जरा दे इकडे’ म्हणत तो एक नट आवळतो, मग दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत गाडी त्याची झालेली असते. १९७३ चा चुंबक याच मोहाचं टोक.

मुलींना १९७१ पर्यंत या शर्यतीत प्रवेशच नव्हता. १९७५ मध्ये, त्या बदनामीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, कॅरेन स्टेड ही ११ वर्षांची मुलगी अ‍ॅक्रनला जिंकली. तिच्या एका हाताला प्लास्टर होतं.