दोन महिन्यांचा वाफा

रूम भाड्याची, दोन महिन्यांनी सोडायची. पायरीशेजारी विटा लावून केलेला एक वाफा रिकामा पडलाय. ‘पावसाळ्यात तिथं गुलाब लावीन’ असं घरमालकीण काकूंचं ठरलंय. तोपर्यंत त्यात काय? चिप्सची पाकिटं आणि शेजारचं मांजर! ‘आपल्याला थोडंच इथं राहायचंय?’ म्हणत आपणही रोज त्याच्यावरून उडी मारून जातो. भिंगारसारख्या छावणीच्या गावात तर बदली आणि सामानाची बांधाबांध नेहमीचीच.

पण इथून जवळच, अहमदनगरच्या किल्ल्यात, एकानं हा विचार केला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेस नेत्यांना तिथं कैदेत ठेवलं. सुटका कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही पंडित नेहरू भर उन्हात तासन्‌तास अंगण खणून फुलांचे वाफे तयार करायचे. माती तर अगदीच वाईट. दगडगोटे, जुन्या बांधकामाचा राडारोडा. खणताना पुरलेल्या भिंती आणि घुमटांचे माथे लागले. एकदा तर भिंतीवर कोरलेलं सुंदर दगडी कमळ निघालं. जास्त खोल खणायला मात्र अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. १९४४ मध्ये त्यांनी कुदळ ठेवून लेखणी घेतली आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहायला बसले. हा खणण्याचा अनुभव त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलाय. मार्च १९४५ मध्ये त्यांना तिथून हलवलं.

आपल्याकडे निदान रूम सोडायची तारीख तरी नक्की आहे. मग दोन महिन्यांत काय होतं?

उन्हाळा असेल तर लाल माठ किंवा तांदुळजा. बी अगदी बारीक असतं, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून पेरायचं. महिनाभरात भाजी ताटात. थंडीत मेथी तेवढ्याच दिवसांत येते. कोथिंबिरीला दीडेक महिना लागतो, आणि पेरण्याआधी धणे हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावे लागतात.

भाजी नको? मग ताग पेरा. दीड महिन्यात, फुलं यायच्या सुमारास, कापून तिथंच मातीत गाडा. त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे मातीला नत्र मिळतं, आणि पाला कुजून हिरवळीचं खत होतं. शेतकरी ज्याला ‘चांगला बेवड’ म्हणतात, तो हाच. कुजायला दोन-तीन आठवडे द्या, मग गुलाब खुशाल लावा.

काकूंना आधी विचारायचं, हे मात्र विसरू नका. विळा-खुरपं बहुतेक त्यांच्याकडेच मिळेल.

गुलाब फुलतील तेव्हा आपण दुसऱ्याच कुठल्यातरी रूमवर असू. पण निघताना चावीसोबत माठाची एक जुडी काकूंच्या हातात ठेवता येईल. डिपॉझिटही कदाचित जरा लवकर मिळेल!