अर्ध्या ग्रॅमची निवड

जत्रेत फुगे फोडायच्या गाळ्यावर एअरगनचा छर्रा वापरतात तो आणि ऑलिंपिकमधल्या १० मीटर एअर रायफलचा छर्रा, दोन्ही मापाने एकच: ४.५ मिलिमीटर. गाळेवाला डब्यात बोटे घालतो, येईल तो छर्रा नळीत ढकलतो. वाकडा असला तरी फुगा फुटतोच. स्पर्धेच्या कार्डावर दहाचे वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा ठिपका. इलेक्ट्रॉनिक टार्गेट त्याच्यापुढेही जाऊन दहाचे दहा भाग करते आणि १०.९पर्यंत गुण देते. पाव मिलिमीटर सरकले की दशांश गुण गेला. साठ फैरींच्या सामन्यात असे दशांश साठत जातात आणि अंतिम फेरीत कोण जाणार ते ठरवतात.

माझी पुतणी या खेळात आहे. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणे उरकली की टेबलावर पांढरा कागद अंथरला जातो, पंखा बंद होतो आणि पाचशे छर्‍यांचा पत्र्याचा डबा उघडतो. पहिल्या वेळी मी शेजारी खुर्ची ओढून बसलो तेव्हा, "काका, काट्यावर श्वास सोडू नका, आकडा हलतो," अशी सूचना मिळाली. तेव्हापासून मी हातभर लांब बसतो.

छर्रा शिशाचा, डमरूच्या आकाराचा. पुढचे डोके सपाट, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. यातले काहीच शोभेसाठी नाही. सपाट डोक्यामुळे कागदाला धारदार कडेचे गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. मागचा घेर पातळ असतो. हवेचा दाब आत शिरला की तो फुलतो, नळीतल्या पिळाच्या खाचांना घट्ट बसतो आणि छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. पण पातळ म्हणूनच तो चेपतो. डबा प्रवासात आपटला किंवा कुरिअरवाल्याने फेकला, की आतले काही छर्रे मागच्या बाजूने अंडाकृती होतात.

म्हणून पहिली चाचणी काचेवर. फोटोफ्रेमची काच किंचित तिरकी धरायची आणि छर्रे एकेक करून सोडायचे. डोके आणि घेर यांच्या मापात फरक असल्याने चांगला छर्रा सरळ न जाता संथ वळण घेत घरंगळतो. चेपलेला मात्र अडखळतो, डोलतो, मध्येच थांबतो. डोळा सरावला की काचही लागत नाही. पुतणी प्लास्टिकच्या चिमट्यात छर्रा धरून दिव्यासमोर मागून बघते आणि बाजूच्या वाटीत टाकते. त्या वाटीतले छर्रे फेकायचे नसतात, नेम जुळवायच्या सुरुवातीच्या फैरींना चालतात.

दुसरे काम वजनाचे, आणि तिचा सगळा जीव यातच. नदीपलीकडे सराफ बाजारात सोने जोखतात तसा मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा तिने मागवला आहे. रायफलच्या चांगल्या छर्‍याचे वजन अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्त, ०.५३च्या आसपास. डब्यातले बहुतेक छर्रे दोन-तीन मिलिग्रॅमच्या आत येतात, थोडे हलके, थोडे जड. मग बर्फाच्या ट्रेच्या कप्प्यांत त्यांचे गट पाडायचे. दुपार जाते.

मला हिशेबाची खोड आहे, म्हणून मी एकदा कागद घेऊन बसलो. स्पर्धेच्या रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. दुर्बीण नसलेल्या त्या रायफलचे साइट ही घट धरूनच जुळवलेले असते. आता छर्रा एक मिलिग्रॅमने जड निघाला, तर वजनात पाचशेतला एक भाग फरक पडला. त्यामुळे वेग हजारात एका भागाने घटतो आणि छर्रा जास्तीचा किती खाली लागतो? मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढा. दशांश गुणासाठी पाव मिलिमीटर लागते. म्हणजे सात मिलिग्रॅमचा फरक पडेल तेव्हा कुठे एक दशांश हलणार, आणि चांगल्या डब्यात सात मिलिग्रॅमने चुकलेला छर्रा शोधून सापडत नाही.

हा कागद मी पुतणीला दाखवला. तिने नीट वाचला, घडी करून वहीत ठेवला आणि पुन्हा काट्याकडे वळली. "माहितीये मला. पण नेम चुकला तर छर्‍यावर ढकलता येऊ नये ना!" यावर काय बोलणार?

ज्याने खरा फरक पडतो ती गोष्ट घरी टेबलावर होत नाही, रेंजवर होते. डब्यावर बारीक अक्षरात डोक्याचे माप छापलेले असते: ४.४९, ४.५०, ४.५१. प्रत्येक नळीची आवड निराळी. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला ४.४९ मानवतो, दुसरीला ४.५०. ते शोधायला रायफल शिकंज्यात पक्की बांधतात, म्हणजे माणसाचा हात, श्वास आणि हृदयाचा ठोका मध्ये येत नाही. मग प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच कार्डावर. जुळणार्‍या मापाचे दहाही एकमेकांवर बसतात आणि कागदावर एकच भोक दिसते, एका छर्‍याच्या भोकापेक्षा जेमतेम मोठे. न जुळणार्‍याचे भोक फाटून पसरते. ही चाचणी बघताना अंगावर काटा येतो, कारण तेव्हा समजते की शनिवारच्या सरावात कार्डभर विखुरलेले ते सगळे छर्रे मुळात एकाच ठिकाणी जायला तयार होते.

अमेरिकेत छंद म्हणून नेमबाजी करणारे लोक काडतुसातली गोळीही घरी करतात. शिसे वितळवून साच्यात ओततात आणि थंड झालेल्या गोळ्या रंगीत पॉलिस्टर पावडरीत घोळवून भट्टीत भाजतात. आपल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पत्र्याच्या पॅनेलना पावडर कोटिंग करतात, जात तीच. त्या लेपामुळे शिसे नळीला चिकटत नाही आणि मेणाचे वंगण लागत नाही. आपल्याकडे हा घरगुती उद्योग चालत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, छंद म्हटला तरी. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल घ्यायला मात्र शस्त्र परवाना लागत नाही. आणि तिचा छर्रा घरी ओतून भागणारही नाही: कारखान्यात शिशाची तार कापून तिचे तुकडे पोलादी साच्यांत दाबून तो घडवतात. त्यामुळे आपला नेमबाज गोळी बनवत नाही, निवडतो. त्याची सगळी कारागिरी त्या निवडीत असते.

वरच्या पायरीवरही तेच. ५० मीटर रायफलला .२२चे काडतूस लागते, त्यातली शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि वरून मेणासारखे वंगण. तिथे नामांकित खेळाडू इंग्लंड-जर्मनीतल्या कंपन्यांच्या चाचणी रेंजवर स्वतःची नळी घेऊन जातात, एकामागून एक बॅच झाडून बघतात आणि जुळली तिचा साठा घेऊन परततात. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये याच ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याचे नेमबाजीचे सुरुवातीचे शिक्षण नाशिकचे, याचा आम्हा नाशिककरांना अंमळ जास्तच अभिमान आहे. भारतीय पोलीस सेवेतून निवृत्त झालेले भीष्मराज बाम याच शहरात राहून नेमबाजांचे मन घडवत राहिले. ते २०१७ साली गेले. पुतणीच्या रेंजवर जुनी माणसे अजून त्यांच्याच पद्धतीने डोळे मिटून बसायला लावतात आणि मग रिकाम्या रायफलीचा घोडा ओढायचा सराव घेतात. त्या सरावाला छर्राच लागत नाही, म्हणून आमच्या घरी तो फारसा लोकप्रिय नाही.

टेबलावरचा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा शिशाचा. निवड संपते तेव्हा बोटांची टोके राखाडी झालेली असतात. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे शाळेत वाचले तेव्हा ते केवळ मजबूत धातू वाटले होते. रक्तात गेले तर ते विष आहे, आणि वाढत्या वयाच्या मेंदूला जास्तच घातक. जागतिक आरोग्य संघटना रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाही. तरी रेंजवर एका हाताने छर्रे भरणारी आणि दुसर्‍या हाताने चिवडा खाणारी मुले मी पाहिली आहेत. काही जण तर पुढचा छर्रा ओठात धरतात. टार्गेटमागच्या पेटीत साठलेले शिसे घरी नेऊन वितळवायची कल्पनाही कुणाकुणाला सुचते. ३२७ अंशांना ते वितळते, गॅसवर सहज होईल असे वाटते. स्वयंपाकघरात हे कधीही करू नये. ते शिसे भंगारात जाऊ द्यावे.

मुलाला किंवा मुलीला या खेळात घालणार्‍या पालकांनी सुरुवातीलाच सर्वात महागडा डबा घेऊ नये. पहिल्या वर्षी मध्यम किमतीचा चालतो. प्रशिक्षकाकडून रायफल बांधून डोक्याचे माप एकदा तपासून घ्यावे आणि मग त्याच मापाचे, शक्यतो त्याच बॅचचे डबे आणावेत. चेपलेले छर्रे वेगळे काढावेत, वजनाच्या काट्याचे पैसे वाचवावेत. आणि डबा बंद केल्यावर, काहीही खाण्याआधी, हात साबणाने धुवायला लावावेत.