‘विहीर आमची खासगी आहे’ : कोकणातल्या पाण्याची जात कायद्याच्या हाती का लागत नाही?

सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलात की गाइड तुम्हाला तीन विहिरी हमखास दाखवतो. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये कुरटे बेटावर गोडं पाणी. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. गोड्या पाण्याशिवाय तो किल्ला नांदताच राहिला नसता.

फोटो काढून होडीने मालवणच्या धक्क्यावर परत आलात की विहिरीबद्दलचा प्रश्न बदलतो. बेटावर विचारतात, इथलं पाणी गोड कसं? किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावांत पिढ्यान्पिढ्या दुसराच प्रश्न होता. या बावीत कळशी कोणी सोडायची?

‘कोकणात जातिभेद तेवढा नव्हता’ असं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खरं वाटतं, कारण घाटावर होती तशी गावाच्या मधोमध एक मोठी विहीर आणि तिथे उघड मज्जाव, असं दृश्य कोकणात कमी दिसायचं. पण त्याचं कारण मनाचा मोठेपणा हे नाही. कारण आहे जमीन.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवायला लागतात. वर सच्छिद्र जांभा दगड, खाली उतार आणि पुढे लगेच समुद्र. पडलेलं पाणी थांबायला जागाच कमी. गाव एका ठिकाणी वसलेलं नसतं, ते दहा-बारा वाड्यांमध्ये डोंगरउतारावर पसरलेलं असतं. म्हणून इथली विहीर घराजवळ, परड्यात, नाहीतर कुळागरात. ती एखाद्या घराची किंवा भावकीची. सात-बारावर नाव त्यांचं, रहाट त्यांचा, दोर त्यांचा.

आणि वाड्या कशा? तर जातीच्या. गावडेवाडी, भंडारवाडी, कुंभारवाडी, चांभारवाडी, बौद्धवाडी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. बोर्ड बदलले की बरं वाटतं. पण वाडी जिथे होती तिथेच राहते, आणि कोणाची वाडी कुठे हे ज्या काळात ठरलं तो काळ गावरहाटीचा होता. पाण्याजवळची, मळ्याची जमीन मानकऱ्यांकडे, आणि अस्पृश्य ठरवलेल्यांची घरं बहुतेक गावांत एका कडेला, कुठे कातळावर तर कुठे पार उताराखाली. कातळावर विहीर खणायची म्हणजे सुरुंग आले, पैसे आले. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी विहीर खणायची तरी कुठे?

मग पर्याय दोन उरायचे. एक, व्हाळाच्या वाळूत खड्डा करून पाझरणारं पाणी वाटीवाटीने भरायचं. दुसरा, कोणाच्या तरी विहिरीपासून लांब कळशी ठेवून उभं राहायचं आणि कोणीतरी काढून वरून ओतेल याची वाट बघायची. यात कोणी ‘बंदी’ घातलेली नसते. पाणी मिळतं, फक्त कधी मिळेल आणि कसं मिळेल हे दुसऱ्याच्या मर्जीवर असतं. याला कुणी भेदभाव म्हटलं की उत्तर तयार असतं : विहीर आमची खासगी आहे.

हे उत्तर किती जुनं आहे बघायचं असेल तर मालवणहून वर, महाडला जावं लागेल.

चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. बोले भंडारी समाजातले. कोकण किनाऱ्यावर हा समाज मोठा आहे, त्यामुळे मालवणच्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, पण तिथे जाऊन पाणी पिण्याची परिस्थिती मात्र नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावात मोठं तळं असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पुढची कोर्टातली आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला. मागणी काय होती? तर हे तळं स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचं आहे असं जाहीर करा आणि अस्पृश्यांना तिथे जायला मनाई करा. ज्या तळ्यावर मुसलमानही पाणी भरत होते, ते तळं एकदम ‘खासगी’ झालं. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली, म्हणून त्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. परिषदेला जागासुद्धा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने, आपली स्वतःची. तीही खासगी मालमत्ताच.

खटला महाड, ठाणे असं करत मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे पाणी प्यायल्यापासून ते पिण्याचा हक्क कोर्टात टिकेपर्यंत दहा वर्षं गेली. तेही नगरपालिकेच्या तळ्यासाठी. परड्यातल्या विहिरीचं काय?

राज्यघटनेच्या कलम १५ ने विहिरी, तळी, घाट यांवरचा भेदभाव बंद केला, पण त्यात शब्द आहेत ‘राज्याच्या पैशातून पूर्ण किंवा अंशतः चालवलेले’ किंवा ‘जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले’. कलम १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. मग १९५५ चा कायदा आला, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये नदी, ओढा, झरा, विहीर, तळं, हौद, नळ सगळं येतं, पण एक अट आहे : जिथे इतर लोकांना किंवा लोकांच्या एखाद्या गटाला वापराचा हक्क आहे ‘किंवा प्रवेश आहे’.

हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, आणि फार कमी लोक ते वाचतात. एखाद्या घराची विहीर फक्त तेच घर वापरतं, तर कायदा काही म्हणत नाही. पण कागदावर खासगी असलेल्या विहिरीवर सगळी वाडी पाणी भरते, पलीकडच्या दोन वाड्या भरतात, आणि फक्त बौद्धवाडीला नकार मिळतो, तर सात-बारा दाखवून सुटका होईलच असं नाही. या कायद्यात अजून एक तरतूद आहे. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं असं कोर्ट गृहीत धरतं, उलट सिद्ध करणं आरोपीचं काम. कर्नाटकात नव्या बोअरवेलवर दलितांना धाक दाखवून पाणी भरू दिलं नाही, त्या अप्पा बाळू इंगळे खटल्यात हायकोर्टाने आरोपींना सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये ती सुटका रद्द करून शिक्षा कायम केली.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीनंतर पाणवठा, विहीर, नळ वापरायला अडथळा आणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचा. ‘आम्ही तर बौद्ध, आम्हाला हा कायदा लागतो का?’ असं अजूनही विचारलं जातं. लागतो. १९९० मध्ये बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला.

तरीही अडचण उरतेच. २०१६ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या एका गावात एका दलित बाईला विहिरीच्या मालकाने पाणी भरू दिलं नाही. तिच्या नवऱ्याने तक्रार केली नाही, कुदळ घेतली आणि सुमारे चाळीस दिवस एकट्याने खणून विहिरीला पाणी लावलं. बातमी देशभर गाजली, ‘जिद्द’ म्हणून कौतुक झालं. मला त्या कौतुकाचा जरा त्रासच होतो. गावात पाणी असताना एका माणसाला दुसरी विहीर खणावी लागली, यात कौतुक नेमकं कोणाचं करायचं? खासगी पाण्याचं काय करता येतं हे याच महाराष्ट्रात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी दाखवलं होतं. त्यांनी पुण्यातला आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

आता कोणी म्हणेल, आता नळ आलेत, विहिरीवर जातंय कोण? बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचं लक्ष्य घरटी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असं आहे. नळाला जात नसते. पण पाइपलाइनला सुरुवात आणि शेवट असतो.

कोकणातली योजना साधारण अशी असते. खाली व्हाळाजवळ किंवा नदीकाठी विहीर, तिथून पंपाने उंचावरच्या टाकीत पाणी, मग उताराने वाड्यांमध्ये. पहिल्या वाड्यांना जोरात पाणी येतं. तिथे कोणी थेट लाइनला मोटर लावली, कोणी बागेत पाइप सोडला, की शेवटच्या वाडीत नळ नुसता फुसफुसतो. टाकीच्याच उंचीला असलेल्या सड्यावरच्या वाडीत तर पाणी चढतच नाही. वेगळा व्हॉल्व किंवा दुसरी छोटी टाकी हा त्यावर इलाज, पण तो आराखड्यात हवा. आणि आराखडा होताना दहा-पंधरा घरांच्या वाडीचं कोण ऐकतो? सिंधुदुर्गात अनुसूचित जातींचं प्रमाण राज्याच्या ११.८ टक्के सरासरीपेक्षा बरंच कमी आहे. मतं थोडी, म्हणून आवाजही लहान. इथे कोणीच कोणाला अडवलेलं नसतं, म्हणून गुन्हा कोणावर दाखल करायचा हेच कळत नाही. जुन्या काळात वाडी जिथे ढकलली गेली, त्या जागेचाच हा हिशेब आहे.

दुसरी गोम कागदाची. योजनेची विहीर सरकारी पैशाने होते, पण जागा बहुतेक वेळा कोणाची तरी खासगी. कोकणात एका सात-बारावर वीस-तीस नावं, निम्मे मुंबईत. रीतसर बक्षीसपत्र करून जागा ग्रामपंचायतीच्या नावावर घ्यायची म्हणजे सगळ्यांच्या सह्या. त्यापेक्षा साध्या संमतीपत्रावर काम उरकलं जातं. पुढे गावात भांडण झालं, निवडणुकीत विरोधात मत गेलं, देवस्थानाचा वाद निघाला, की मालक म्हणतो, जागा आमची आहे. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचं महाडचं वाक्य पुन्हा हजर होतं.

म्हणून तुमच्या गावात नवी योजना होत असेल तर ग्रामसभेत ‘पाणी कधी येणार’ याच्या आधी दोन गोष्टी विचारा. विहिरीच्या जागेचं बक्षीसपत्र झालंय का, आणि शेवटच्या वाडीसाठी स्वतंत्र व्हॉल्व किंवा टाकी आराखड्यात आहे का. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात आराखडा आणि जागेचे कागद मागता येतात. पाणीपुरवठा समितीत त्या वाडीतलं माणूस, शक्यतो बाई, आहे का हेही बघा, कारण कळशी घेऊन जाणाऱ्याला पाण्याची वेळ जास्त ठाऊक असते.

उघड अडवणूक झाली असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. तक्रारीत ‘आम्हाला पाणी देत नाहीत’ एवढंच लिहू नका. त्या विहिरीवर इतर कोणत्या वाड्यांचे लोक पाणी भरतात, किती दिवसांपासून भरतात, हे नावानिशी लिहा. विहीर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तिथे कोणाला प्रवेश आहे, या मुद्द्यावर केस उभी राहते.